डोक्यावर हेल्मेट, पण आधी ब्रेक

सायकलवरून कामाला जाणाऱ्यांनो, आणि ज्यांच्या घरातून रोज कुणी सायकल घेऊन बाहेर पडतं अशा सगळ्यांनो, हे चार शब्द तुमच्यासाठी.

पुणं सायकलींचं शहर होतं, हे आता नव्या माणसाला सांगावं लागतं. तरीही पहाटे भोसरी-चिंचवडच्या रस्त्यावर जरा उभे राहा. पहिल्या पाळीचे कामगार, पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी उरकून परतणारे वॉचमन. डबा हँडलला अडकवलेला, दिवा बहुतेक नाहीच. डोक्यावर फार तर कानटोपी. हेल्मेट दिसतं ते रविवारी सिंहगडाकडे निघालेल्यांच्या डोक्यावर. त्यांनी घालावंच. पण ज्याला रोज अंधारात, बस-ट्रकच्या गर्दीतून जावं लागतं, त्याला त्याची गरज जास्त आहे.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं हेल्मेटचं कलम मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे. सायकलवर हेल्मेट नाही म्हणून तुम्हाला कुणी दंड करणार नाही. पूर्वी दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस चाकातली हवा सोडायचे. आता तेवढाही धाक उरलेला नाही. आणि हेल्मेटसक्तीला विरोध करण्यात तर पुणेकरांचा हात कुणी धरणार नाही. तेव्हा सक्तीची वाट बघू नका. आपलं आपण ठरवा.

घालावं का? घालावं. पण ते काय करतं आणि काय करत नाही, हे नीट समजून घाला.

हेल्मेटच्या आतला पांढरा थर हाताने दाबून बघा. टीव्हीच्या खोक्यात येतो तसाच तो थर्माकोल असतो, फक्त जास्त घट्ट. डोकं आपटलं की तो चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट साधारण दीड मीटरवरून आपटून तपासतात. म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपासचा आघात. तुम्ही खड्ड्यात चाक जाऊन पडलात, वाळूवरून घसरलात, कुत्रं आडवं आलं, तर त्याचा उपयोग आहे. भरधाव ट्रकने उडवलं, तर फार भरवसा धरू नका.

कुणी म्हणेल, हॉलंडमध्ये सगळे सायकलवर असतात आणि हेल्मेट फारसं कुणी घालत नाही. खरं आहे. पण तिथे सायकलला बहुतेक ठिकाणी वेगळी वाट आहे. आपल्याकडच्या सायकल ट्रॅकवर स्कूटर लावलेल्या असतात आणि मध्येच वडापावची गाडी उभी असते. ऑस्ट्रेलियात उलट, व्हिक्टोरिया राज्याने १९९० पासूनच सायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. दोन्हीकडचे लोक वेडे नाहीत. ज्याचा रस्ता जसा, तशी त्याची सोय.

आता पैशाचं. महिन्याच्या खर्चातून सायकलसाठी थोडेच पैसे निघत असतील, तर पहिले पैसे ब्रेकला द्या. मग दिव्याला. मग हेल्मेटला. हा क्रम ऐकून काही जण नाराज होतील. पण हेल्मेट पडल्यावर कामाला येतं, आणि ब्रेक व दिवा तुम्हाला पडूच देत नाहीत.

ब्रेक घरच्या घरी तपासा. सायकल हाताने ढकलत चाला आणि पुढचा ब्रेक दाबा. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबा. चाक फिरायचं थांबून घासत आलं पाहिजे. ब्रेकचा खटका हँडलला टेकत असेल, तर वायर ओढून घ्या. रबर झिजून गुळगुळीत झाले असतील, तर बदला. त्याला फार पैसे पडत नाहीत. पावसात रिम ओली असते, ब्रेक उशिराच लागतो. तेव्हा आधीपासून दाबायला लागा. लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना त्यांच्यावर वळू नका.

मागे लाल दिवा लावा. तो मिळेपर्यंत निदान लाल रिफ्लेक्टर लावा आणि आठवड्यातून एकदा पुसा. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर काही चमकत नाही. पहाटे निघताना गडद जर्किनऐवजी फिकट शर्ट वर दिसेल असं बघा.

उभ्या गाड्यांच्या कडेने जाताना एक दार उघडेल इतकं अंतर ठेवा. बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. तिथे तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही. कानात इअरफोन नको. गाणी घरी ऐका.

हे झालं की हेल्मेट घ्या. हजार रुपयांच्या आसपास साधं, चांगलं मिळतं. आतल्या लेबलवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी हे अमेरिकेचं मानक लिहिलेलं आहे का बघा. महागड्याचा हट्ट नको. महाग असतं ते वजनाला हलकं आणि जास्त हवेशीर असतं, इतकंच. घेताना ज्याच्यासाठी घ्यायचं, त्याला दुकानात न्या. अंदाजाने माप घेऊन येऊ नका.

घालायचं कसं, ते मात्र शिकून घ्या. निम्मे लोक चुकीचं घालतात.

हेल्मेट मागे सरकवून, टोपीसारखं ऐटीत नको. कपाळ झाकलं पाहिजे. भुवई आणि हेल्मेटची कड यांच्यात दोन बोटं मावतील, इतकंच. कानाच्या खाली दोन्ही पट्टे एकत्र येऊन इंग्रजी व्ही होतो, तो बरोबर कानाखाली हवा. हनुवटीखाली बक्कल लावा. आता मोठ्ठी जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं, तर बसलं. नाही ओढलं गेलं, तर पट्टा सैल आहे. बक्कल न लावलेलं हेल्मेट तुम्ही पडायच्या आधी पडतं.

बायकांच्या आणि मुलींच्या अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. वेणी खाली, मानेशी घाला. उन्हासाठी स्कार्फ बांधायचा तर पातळ बांधा आणि त्यावर पट्टा पुन्हा आवळा. ओढणी आणि पदर खोचून घ्या. चाकात अडकलेली ओढणी वाईट पाडते, आणि तिथे हेल्मेट गळ्याला वाचवत नाही.

कंपनीतली पिवळी टोपी घालून सायकल चालवणारे मी पाहतो. ती वरून काही पडलं तर त्यासाठी आहे, बाजूला आपटण्यासाठी नाही. मुलाचं क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी आहे. मोटारसायकलचं हेल्मेट मजबूत खरं, पण पायडल मारताना त्यात जीव गुदमरतो. दोन दिवसांनी ते खुंटीला लागतं.

एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट टाकून द्या. वरून तडा दिसला नाही, तरी आतला थर चेपलेला असतो. ते पुतण्याला देऊ नका. तापलेल्या पत्र्यावर, उन्हात ठेवू नका. थिनरने पुसू नका. आतल्या गाद्या निघतात, त्या साबणाने धुवा. नाव, घरचा फोन आणि रक्तगट कागदावर लिहून आत चिकटवा.

लहान मूल कॅरिअरवर बसवत असाल तर त्यालाही हेल्मेट हवं. आणि चाकाला जाळी बसवून घ्या. मुलांचे पाय आऱ्यांत जातात, ते फार होतं.

पडून डोक्याला लागलं असेल, तर “काही झालं नाही” म्हणून थेट कामावर जाऊ नका. उलटी झाली, डोकं वाढत दुखायला लागलं, झोप येऊ लागली, बोलणं अडखळलं, तर लगेच दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८. तो दिवस एकटे राहू नका.

आणि ज्याला आज हेल्मेट परवडत नाही, त्याने सायकल सोडू नये. ब्रेक, दिवा नीट करा आणि जा. हेल्मेट पुढच्या पगाराला.

शेवटची विनंती सायकलवाल्यांना नाही, चारचाकीवाल्यांना आहे. गाडी लावल्यावर तुमच्या बाजूचं दार उजव्या हाताने उघडू नका, डाव्या हाताने उघडा. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. याला पैसे लागत नाहीत. आज संध्याकाळी घरी पोचाल, तेव्हापासूनच सुरू करा.