माळ उघडा, तर मळा कोरडा!



गव्हाणीत ऊस पडला की आपला जीव भांड्यात पडतो. पण त्या उसाला पाणी कुठून येते, याचा विचार आपण कितीसा करतो? कालव्याला पाळी सुटली, मोटार चालू केली, झाले! कोरडवाहू माळ, गायरान, डोंगरउतार यांच्याशी जणू आपला संबंधच नाही. आम्हास हा समज घातक वाटतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

१९७२ चा दुष्काळ जुनी मंडळी विसरलेली नाहीत. पुढे जायकवाडी झाले, डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला आणि वाटले, आता दुष्काळ गेला. तो कुठला जातो! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. राज्याचे साखर उत्पादन २०१५-१६ च्या हंगामात सुमारे ८४ लाख टन होते, ते पुढच्याच हंगामात सुमारे ४२ लाखांवर आले. धरण होते, कालवा होता, कारखाने होते, पाणीच नव्हते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात उलटे घडले. अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके आणि माती वाहून गेली.

दोन्ही दुखण्यांचे मूळ बरेचसे एकच आहे. जिंतूरकडचे डोंगर घ्या, गंगाखेडकडचा बालाघाट घ्या. जिथे गवत आणि झाडोरा गेला, तिथे पाऊस मुरत नाही, धावत सुटतो. जाताना माती नेतो, ती तलावात बसते. आणि खाली आपल्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात.

यावर उपाय नाही असे नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातले कडवंची गाव बघा. १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. आधी बांधबंदिस्ती, समतल चर आणि नाल्यावरचे बांध, मग शेततळी. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली आणि उसासारख्या पिकालाही आवर घातला. हे वाक्य आपल्याला बोचेल, आम्हालाही बोचते. पण ऊस राज्याच्या थोड्याच क्षेत्रावर असून सिंचनाचे बरेचसे पाणी तोच पितो, हे नाकारून कसे चालेल?

तेव्हा आमचे म्हणणे असे. पहिले, ऊस ठिबकवर न्यावा आणि पाचट जाळू नये. ते सरीत आच्छादन म्हणून ठेवावे. दुसरे, कार्यक्षेत्रातील गावांनी ग्रामसभेत ठराव करून गायरानाचा एकेक तुकडा तीन वर्षे राखावा. तिथे पवन्या, मारवेल गवत येऊ द्यावे. बोर, बाभूळ, कडूनिंब, पळस अशी आपल्याच मातीतली झाडे वाढवावीत. तिसरे, टनामागे एक रुपया या कामाला द्यावा. तीन लाख टन गाळपाचे तीन लाख रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण दरसाल मिळत गेली तर एकेका गावाचा माळ हाती घेता येईल.

एक सावधगिरी मात्र हवी. गायरान राखले की पहिली झळ लागते ती शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीनाला. बागायतदाराची विहीर भरावी म्हणून त्याचे दावण रिकामे करणे हा सहकार नव्हे. कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क त्याचा असावा आणि चर खोदण्याची मजुरीही त्यालाच मिळावी. नुसते यंत्र लावून नाला खोल केला आणि फोटो काढला, अशी कामे तर मुळीच नकोत.

येत्या सर्वसाधारण सभेत भावावर बोलूच; तो आपला हक्क आहे. पण त्याच सभेत माळावरही घटकाभर बोलावे, ही विनंती. ज्याला ऊस टिकवायचा, त्याने आधी माळ टिकवावा.