सवलत कोणाची, घाम कोणाचा?

बेव्हर्ली पार्कमधील एखाद्या दिवाणखान्यात जुन्या व कोवळ्या तांबड्या वाइनची चव घेणारी मैफल जमली, तर समाजवाद्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आखून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस मंजुरी दिली. दुहाई शेतकऱ्याची! वास्तविक नाशिकच्या बहुसंख्य बागा खाण्याच्या द्राक्षांच्या. वाइनच्या शिराझ, कॅबर्ने या जाती निराळ्या. नव्या वाइनचा तुरटपणा काळाने निवळतो; छाटणी-खुडणी करणाऱ्या मजुराचे दैन्य आपोआप निवळत नाही. सवलतीतला किती वाटा त्याच्या मजुरीत उतरला, याचा जाब कार्यकर्त्यांनी सरकारला विचारलाच पाहिजे.