गाळलेले पाणी आणि न दिसणारा तंतू

फुलंब्रीतील श्रावकाच्या घरी दुहेरी गाळणे माठापाशी असतेच. गाळण्यात अडकलेले जीव ज्या आडाचे पाणी त्याच आडात परत सोडावयाचे, हा नेम जीवदयेचा असून त्यात उणे काही नाही. मात्र जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळातून, किंवा सिमेंटच्या पत्र्यांवरून उतरलेल्या पावसाच्या पाण्यातून येणारा तंतू त्या गाळण्याला अडत नाही. त्याची जाडी मायक्रॉनहूनही कमी. कापडाच्या विणीतील छिद्रे त्याच्यापुढे वेशीएवढी. उकळूनही उपयोग नाही, कारण हा दगडाचाच धागा; पाणी आटते, तो उरतो.

१९७३ साली अमेरिकेतील डुलुथ शहराच्या पिण्याच्या पाण्यात असे तंतू आढळले. लोहखनिजाच्या कारखान्याचा गाळ सुपीरियर सरोवरात सोडला जात होता. पुढे तेथे तुरटी घालून तंतूंच्या गुठळ्या करावयाच्या व वाळूच्या थरांत अडवावयाच्या, अशी योजना झाली.

घरात हेच काम एक मायक्रॉनहून बारीक गाळणी किंवा आरओचा पडदा करतो. परंतु निम्म्याहून अधिक पाणी वाया घालविणारा आरओ टँकरची वाट पाहणाऱ्या गावास महागच. श्वासावाटे जाणारा तंतू कर्करोगकारक ठरला आहे. पोटात जाणाऱ्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेस ठोस पुरावा आढळलेला नाही. तेव्हा यंत्र घेण्याआधी नळ कशाचा आहे, हे नगरपंचायतीत विचारावे. त्यास खर्च नाही. पत्र्यावरचे पाणी धुण्याभांड्यास ठेवावे. आणि जुना पत्रा वा नळ करवतीने कोरडा कापू देऊ नये. कापणाऱ्या मजुराच्या छातीत तीच धूळ जाते.