वारंवारिता: पाठ करायची की वापरायची?

'एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारिता, एकक हर्ट्झ.' मुलं हे घडाघडा म्हणतात. पण ती मोजायची कशासाठी, असं विचारलं की वर्ग गप्प! माझ्या मते व्याख्येआधी उपयोग सांगायला हवा.

ईसीजीचंच उदाहरण घ्या. हृदयाचा विद्युत संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा. त्यात आजूबाजूच्या वीजपुरवठ्याचा 50 हर्ट्झचा व्यत्यय मिसळतो आणि आलेखाची रेघ थरथरते. संकेत नुसता मोठा केला, तर थरथरही मोठी होते. मग फ्रेंच गणिती फूरिए यांच्या पद्धतीने ती लहर साध्या लहरींमध्ये सुटी करायची. कोणत्या वारंवारितेची लहर किती जोरदार, हे मांडलं की 50 वर सुळका दिसतो. तेवढाच गाळायचा. गाळणी मात्र अरुंद हवी, कारण हृदयाच्या संकेताचाही थोडा भाग तिथेच असतो. जास्त गाळलं, तर डॉक्टरांना हवी असलेली खूणच पुसट होईल.

हे समजलेल्या मुलाला 'हर्ट्झ' पाठ करावं लागेल का? परीक्षेत व्याख्येला गुण आहेतच. पण 'गाळायचं काय, ठेवायचं काय?' हा प्रश्नही वर्गात एकदा विचारून बघा.