दार वर का उघडते?

केस कापायच्या दुकानात, वसतिगृहाच्या खोलीत, शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर एके काळी एक मोटार हमखास दिसायची. चपटी, पाचरीसारखी, आणि दोन्ही दारे कात्रीच्या पात्यांसारखी आकाशाकडे गेलेली. लॅम्बोर्गिनी कुंताश तिचे नाव. १९७४ ते १९९० या काळात ती इटलीत तयार होत होती. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ती रस्त्यावर धावताना पाहिली असेल, पण चित्र मात्र गावोगाव पोचलेले. ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून घरातली मोठी माणसे त्या चित्राकडे पाठ फिरवायची.

पण दार असे वर का उघडते, हे सहसा कुणी विचारत नसे. उत्तर अगदी घरगुती आहे. गाडी इतकी रुंद, की नेहमीसारखे दार उघडायचे तर शेजारी भरपूर मोकळी जागा हवी. शिवाय मागच्या काचेतून धड काही दिसत नसे. तेव्हा गाडी मागे घ्यायची झाली, की दार वर करायचे, कडेला सरकून बसायचे आणि मान बाहेर काढून मागे बघत हळूहळू जायचे! रेखनकार मार्चेल्लो गांदिनी याने अडचणीतून काढलेली ती वाट होती. या गाड्यांचा नाद लागला, की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. त्यांच्यात जे जे दिमाखदार दिसते, त्यातले बरेचसे नाइलाजातून जन्मलेले असते.

वर उघडणाऱ्या या दारांची आजी शोभेल अशी गाडी म्हणजे मर्सिडीज-बेन्झ ३०० एसएल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी बेचिराख झाला होता. १९५२ मध्ये या कंपनीला पुन्हा शर्यतीत उतरायचे होते, पण खास शर्यतीचे इंजिन नव्याने घडवण्याइतकी ऐपत नव्हती. हाताशी होते ते बड्या लोकांच्या ऐसपैस मोटारीचे तीन लिटरचे इंजिन. वजनाला भारी आणि ताकदीला बेताचे. रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याने हिशेब मांडला: इंजिन हलके होत नसेल, तर बाकीची गाडी हलकी करू.

त्यासाठी त्याने बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा केला. विजेच्या तारा वाहून नेणारे उंच मनोरे आठवा. सगळे त्रिकोणच त्रिकोण. त्रिकोणाचा गुण असा, की थोड्या लोखंडात तो भरपूर भार पेलतो. अख्ख्या गाडीचा सांगाडा जेमतेम पन्नास किलोंचा झाला. एका माणसाने तांदळाचे पोते उचलावे तितके वजन!

आता मात्र पंचाईत आली. हे त्रिकोण गाडीच्या दोन्ही बाजूंना चांगले कमरेपर्यंत आलेले. जिथे दार हवे तिथेच नळ्या. त्या कापाव्यात तर सांगाडा लुळा पडणार. मग दार छतात कापले आणि बिजागऱ्याही छतालाच बसवल्या. दोन्ही दारे उघडली, की गाडी पंख पसरलेल्या पाखरासारखी दिसे. त्यावरूनच तिला ‘गलविंग’, म्हणजे समुद्रपक्ष्याचे पंख, हे नाव पडले. शोभेसाठी तिथे काहीच नव्हते.

त्या वर्षी या गाडीने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. मेक्सिकोतली लांब पल्ल्याची शर्यतही जिंकली, आणि तिथे तर भरवेगात एक गिधाड समोरची काच फोडून आत आले! शेजारी बसलेला सहकारी रक्तबंबाळ झाला, तरी जोडी थांबली नाही. पुढच्या टप्प्यांसाठी काचेसमोर लोखंडी गज लावले.

रस्त्यावर चालवायची ३०० एसएल फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. तिथला आयातदार मॅक्स हॉफमन कंपनीच्या मागेच लागला होता. १९५७ पर्यंत अशा १,४०० गाड्या तयार झाल्या. बॉनेट बुटके राहावे म्हणून इंजिन चक्क कुशीवर कलते केले होते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची, विमानाच्या इंजिनातली युक्ती तिच्यात होती. ताकद २१५ अश्वशक्ती. आपल्या जुन्या मारुती ८०० ची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत होती, म्हणजे कल्पना करा.

बसणे मात्र कसरतीचे. आधी रुंद उंबरठ्यावर टेकायचे, मग पाय आत घ्यायचे. पायांना वाट मिळावी म्हणून स्टिअरिंगचे चाक खाली वळवायची सोय केली होती. साडी नेसून या गाडीत शिरणाऱ्या बाईला तर शौर्यपदकच द्यायला हवे. काचाही खाली होत नसत, त्यामुळे उन्हाळ्यात आतली माणसे उकडून निघत.

पण या घराण्याची कथा नुसती कौतुकाची नाही. १९५५ साली कंपनीने ३०० एसएलआर ही निव्वळ शर्यतीची गाडी उतरवली. मे महिन्यात इटलीतली ‘मिल्ले मिल्या’, म्हणजे हजार मैलांची शर्यत होती. ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया. तेही साध्या रस्त्यांवरून, गावांच्या मधून, घाटांतून. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून दिल्ली गाठून आणखी पुढे. इंग्रज चालक स्टर्लिंग मॉसने ते दहा तास, सात मिनिटे आणि ४८ सेकंदांत कापले. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरच्या वर! शेजारी डेनिस जेंकिन्सन हा दाढीवाला पत्रकार होता. सगळी वळणे, उंचवटे, फाटक त्याने आधी हिंडून कागदाच्या लांबलचक पट्टीवर टिपले होते. ती पट्टी एका डबीत गुंडाळलेली होती. डबीची खिडकी बघत तो हाताच्या खुणांनी पुढचे वळण सांगायचा. इंजिनाच्या गोंगाटात बोलणे अशक्यच. पुढे न दिसणाऱ्या उंचवट्यावर मॉस पूर्ण वेगाने जाई, तो या माणसाच्या खुणेवर विश्वास ठेवून.

आणि महिना-सव्वा महिन्याने ल मान्स. ११ जून १९५५, संध्याकाळची वेळ. तिथे शर्यतीचा रस्ता आणि गाड्या थांबवून पेट्रोल भरायची जागा यांच्यामध्ये भिंत नव्हती. समोरच्या बाजूला प्रेक्षकांची दाटी, आणि मध्ये फक्त मातीचा बुटका बांध. पुढच्या एका गाडीने थांबण्यासाठी ब्रेक लावला. तिला चुकवायला मागची ऑस्टिन-हीली डावीकडे सरकली, आणि पिएर लव्हेग या फ्रेंच चालकाची ३०० एसएलआर भरवेगात तिच्यावर चढून उडाली. ती बांधावर आपटून फुटली. इंजिन आणि बॉनेट गर्दीत घुसले. वजन वाचवण्यासाठी गाडीचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा केलेला होता. तो पेटला, की पांढराशुभ्र जळतो आणि पाण्याने विझत नाही. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले.

शर्यत थांबवली गेली नाही. परतणाऱ्या गर्दीने रस्ते अडून रुग्णवाहिका अडकतील, असे कारण संयोजकांनी दिले. त्यात तथ्य असेलही. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या, तेव्हा त्यांचीच गाडी पहिल्या क्रमांकावर होती. त्या वर्षाअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली आणि तीस वर्षे तिने तिकडे जवळजवळ पाठच फिरवली. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, मिल्ले मिल्यात एक फेरारी रस्त्यालगतच्या माणसांत घुसली. नऊ प्रेक्षक दगावले, त्यांत पाच मुले. वेगाची शर्यत म्हणून ‘हजार मैल’ तिथेच संपली.

वजनाचा हिशेब ग्रॅमपर्यंत करणाऱ्या या हुशार माणसांच्या खेळात बांधाच्या उंचीचा हिशेब मात्र राहून गेला होता. आज शर्यतीच्या मैदानावर दिसणाऱ्या भिंती, जाळ्या, मधली मोकळी जागा ही त्या नाइलाजाची अपत्ये आहेत. गाडीच्या देखणेपणाबद्दल आपण जितके बोलतो, तितके त्यांच्याबद्दल बोलत नाही.

३०० एसएलआरचे छत असलेले, पंखांच्या दारांचे दोनच नमुने झाले होते. अपघातानंतर बेत बारगळला आणि ते कधी शर्यतीत धावलेच नाहीत. त्यांतला एक उलेनहाउट स्वतःच्या जाण्यायेण्याला वापरायचा! २०२२ मध्ये त्यांतली एक गाडी साडेतेरा कोटी युरोंना, म्हणजे अकराशे कोटी रुपयांच्या आसपास, विकली गेली. मोटारीला मिळालेली ती तोवरची सर्वांत मोठी किंमत. हे पैसे तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी असल्याचे कंपनीने जाहीर केले.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात आलेली जग्वार ई-टाइप कित्येकांना सगळ्यांत सुंदर वाटते, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिचा आकार माल्कम सेयरने ठरवला. तो मूळचा विमानांच्या कारखान्यातला माणूस. हवा अंगावरून कशी सरकेल याचे गणित मांडून तो वक्ररेषा काढायचा. लांबच लांब बॉनेट, सशासारखे दबा धरून बसलेले मागचे अंग, हे सगळे त्या गणितातून आले. २००८ मध्ये जग्वार टाटा मोटर्सने घेतली, त्यामुळे या गाडीचे माहेर आता मुंबईशी जोडले गेले आहे.

मराठी घरांत सगळ्यांत ओळखीची स्पोर्ट्स कार मात्र सचिन तेंडुलकरची. २००२ मध्ये मायकेल शुमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली आणि पुढे तिच्या आयातशुल्काचीच चर्चा जास्त रंगली. तिच्या तोंडाकडे नीट पाहिले, तर मधोमध जाळी नाही; हवेची दोन तोंडे दोन कडांना आहेत. मधली हवा गाडीच्या पोटाखालून नेऊन तिला रस्त्याला चिकटवायचे होते, म्हणून.

सध्या वजनाचा जुना हिशेब उलटा फिरला आहे. मुंबईच्या महिंद्र समूहाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीची पिनिनफारिना बत्तिस्ता ही विजेची गाडी इटलीत हाताने जुळवली गेली. ताकद सुमारे १,९०० अश्वशक्ती, आणि शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरला दोन सेकंदही लागत नाहीत. पण बॅटरीमुळे वजन दोन टनांच्या वर. सरळ रस्त्यावर ती कुणालाही मागे टाकेल. वळणावर मात्र ते दोन टन कुणाला तरी आवरावेच लागतात, आणि ते काम आता माणसापेक्षा संगणक करतो. हे मला थोडे खटकते. तुम्हाला खटकणार नाही कदाचित.

दुसऱ्या टोकाला आहे गॉर्डन मरी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या या अभियंत्याने १९९२ मध्ये मॅक्लारेन एफ-१ आणली. चालक मधोमध, दोन प्रवासी त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, जरा मागे. इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा पातळ पत्रा, कारण उष्णता परतवायला सोने फार चांगले. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच मरीने २०२० मध्ये टी-५० ही गाडी दाखवली. तीही तीन आसनांची. पेट्रोलचे बारा सिलिंडरचे इंजिन, हाताने बदलायचे गिअर, आणि वजन हजार किलोंच्या आत. अशा शंभरच गाड्या करायच्या ठरल्या.

तिचीही दारे वर उघडतात. मधल्या आसनापर्यंत पोचायचे तर दाराबरोबर छताचाही काही भाग बाजूला व्हावा लागतो. तरीही आत शिरताना आधी कडेच्या आसनावर टेकायचे, मग पाय उचलून मध्ये सरकायचे. साडीचे म्हणाल, तर इतक्या वर्षांत त्यावर अजून कुणी तोड काढलेली दिसत नाही.