गाडी खाली घ्या, पण स्प्रिंग कापून नको!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये सध्या एक नवी मोजपट्टी आली आहे. टायर आणि फेंडरच्या मध्ये किती बोटं जातात? चार गेली तर गाडी 'स्टॉक', म्हणजे विषय संपला. एकही गेलं नाही तर लगेच रील. मला स्वतःला लो गाडी दिसायला जाम आवडते, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे हा लेख 'आजकालची पोरं' छापाचा नाही. माझा राग आहे तो फक्त कटर घेऊन स्प्रिंग कापणाऱ्यांवर.

स्प्रिंग कापली की गाडी बसते आणि खर्च जवळपास शून्य, म्हणून हा प्रकार चालतो. पण कॉइल स्प्रिंगचं साधं गणित आहे. वेटोळी कमी झाली की तेवढ्याच प्रमाणात ती कडक होते. सहा वेटोळ्यांतलं दीड कापलं, तर उरलेली स्प्रिंग आधीपेक्षा साधारण 33 टक्के कडक. शॉकअप मात्र कंपनीचाच, जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला. स्प्रिंग गाडीचं वजन उचलते आणि तिची उसळी आवरतो शॉकअप. कडक स्प्रिंगची उसळी त्याच्या आवाक्याबाहेर गेली की खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते. 'स्पोर्टी फील' म्हणतात तो बऱ्याचदा हाच! त्यात चाक हवेत लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या खोबणीतून सुटू शकते. वळणावर हे झालं तर काय, याचा विचार कटर हातात घेतलेल्या माणसाने करायचा असतो.

बरं, आपल्या रस्त्यांचं काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. स्विफ्टची पुढची-मागची चाकं 2.45 मीटर अंतरावर, म्हणजे अख्खी गाडीच त्यावर चढते आणि पोट सहसा वाचतं. घात करतात ते गल्लीत, सोसायटीच्या दारात रात्रीतून उगवलेले अरुंद सिमेंटचे उंचवटे. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची आणि मध्ये पूर्ण उंचीचा दगड! स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर. त्यातले 60 घालवले की उरले 103. मग मागच्या सीटवर तीन मित्र बसवा आणि घरी जाऊन दाखवा.

म्हणून माझं मत: आपल्याकडे रोजच्या गाडीला 25 ते 30 मिलिमीटर पुरे. त्या गाडीसाठीच बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग घ्या. आयबाखसारख्या कंपन्यांच्या रस्त्यावरच्या किटचा उतारही साधारण एवढाच असतो. फोटोत फरक दिसतो आणि आईला गाडीत बसता येतं.

स्प्रिंगचा बॉक्स घेऊन लगेच पळू नका, शॉकअपचंही बघा. गाडी खाली आली की शॉकअपचा दांडा तेवढाच आत जातो आणि खालचा प्रवास कमी उरतो. मग छोट्या खड्ड्यातही सस्पेन्शन बंप स्टॉपच्या रबरावर आदळतं. बिलस्टीनने म्हणूनच दोन वेगळे शॉकअप ठेवलेत. मूळ उंचीच्या गाडीला बी 6 आणि खाली आणलेल्या गाडीला आखूड बी 8. लाखभर किलोमीटर पळालेल्या शॉकअपवर नव्या स्प्रिंग चढवणं म्हणजे फाटक्या चपलेला नवे बंद. दोन्हीचं बजेट नसेल तर थांबा, पैसे साठवा.

आणि खरंच वळणावर पकड हवी असेल तर पहिला खर्च टायरवर करा. हे कुणाला आवडत नाही, कारण चांगला टायर फोटोत दिसत नाही. 'गाडी खाली म्हणजे हँडलिंग भारी' हे तर अर्धंच खरं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. अशी गाडी फार खाली आणली की सस्पेन्शनची भूमिती बिघडते आणि स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर ती वळणावर उलट जास्त कलू शकते. कॅम्बर आणि टो बदलतात, टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो. म्हणून स्प्रिंग बसवल्यावर अलाइनमेंट हवंच. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ आलं. नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

इथे मात्र मला भांडायचं आहे. जर्मनीत अशा स्प्रिंग तपासून त्यांना टीयूव्हीचा कागद मिळतो. कोणत्या गाडीला कोणती चालेल, हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे तपासून घेतलेली स्प्रिंग आणि गल्लीत कापलेली स्प्रिंग यांत फरक करणारी अशी सोपी वाट सामान्य गाडीवाल्याला सापडत नाही. दोन्हींची भीती सारखीच असेल तर पोरगा स्वस्तातलीच निवडणार ना? तपासणी करा, फी घ्या, आरसीवर नोंद करा. कटरचा धंदा बराचसा आपोआप बसेल.

तोपर्यंत, स्प्रिंग ऑर्डर करण्याआधी 182 अ मधला एक शब्द नीट वाचा. शिक्षा 'मालकाला' आहे. आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या आरसीवर नाव बाबांचं आहे.