साइड ए मराठी, साइड बी कन्नड

दुबलगुंडीहून हुमनाबादला जाणाऱ्या जीपमध्ये कुठलं गाणं लागणार, हे एके काळी आकाशवाणी ठरवायची. पुढे ते ड्रायव्हर ठरवू लागला. आता फोनमधलं ॲप ठरवतं. मधल्या काळात साधनं किती बदलली, आवाज किती स्वच्छ झाला, हे गाडीचे टेप बसवून देणारे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला काळजी आहे ती गाण्यांची. प्रत्येक बदलात काही आवाज गाडीत शिरले आणि काही खाली उतरले. जे उतरले त्यांतले बरेच आपले होते.

गाडीत रेडिओ बसवायची कल्पना खूप जुनी. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन कंपनीनं ‘मोटोरोला’ नावानं गाडीचा रेडिओ विकायला काढला आणि पुढे त्या कंपनीनं तेच नाव घेतलं. १९५६ मध्ये क्रायस्लरनं गाडीत चक्क तबकडी वाजवून पाहिली, पण चालत्या गाडीत सुई टिकेना. आमच्याकडे यातलं फारसं काही पोचलं नाही. पोचला तो रेडिओ, आणि तोही एखाद्या डॉक्टरच्या किंवा ठेकेदाराच्या ॲम्बेसेडरमध्ये. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली, गुलबर्ग्याचं, म्हणजे आजच्या कलबुर्गीचं, केंद्र १९६६ मध्ये आलं. हैदराबाद केंद्र तर निजामाच्या काळापासूनचं. म्हणजे आमच्या आजूबाजूच्या हवेत कन्नड, तेलुगू, उर्दू आणि हिंदी भरपूर होतं. मराठी ऐकायची तर अंधार पडायची वाट पाहावी लागे. मध्यम लहरी रात्री लांबवर जातात, त्यामुळे दिवसा मुका असलेला काटा रात्री परभणी किंवा पुणे पकडायचा. त्यात पेट्रोलच्या इंजिनाची चरचर मिसळलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. माणसं होती तिथंच राहिली, बोलत होती तेच बोलत राहिली. रेडिओच्या नकाशावर मात्र इथल्या मराठी माणसासाठी जवळचं केंद्र नव्हतं.

हे सगळं कॅसेटनं उलटंपालटं केलं.

फिलिप्सनं कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. लाऊ ओटेन्स या डच अभियंत्याच्या गटानं ती तयार केली होती. आपल्याकडे तिचा खरा सुकाळ झाला तो ऐंशीच्या दशकात. तोवर भारतात गाणं विकणं म्हणजे जवळजवळ एचएमव्हीचीच मक्तेदारी होती. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजनं स्वस्त कॅसेटी काढल्या, व्हीनससारख्या कंपन्या आल्या, आणि गावोगावच्या भाषांना बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत अभ्यासकाचं १९९३ चं ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक उत्तर भारतातल्या याच उलथापालथीवर आहे. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेट भरायला दोन यंत्रं आणि एक टेबल पुरे. जे गाणं मोठ्या कंपनीच्या हिशेबात बसत नव्हतं, त्यालाही त्यामुळे वाट मिळाली. मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्याचे आवाज, प्रल्हाद शिंदे आणि मागून आनंद शिंदे, महाराष्ट्राच्या टोकाटोकाला गेले ते कॅसेटीवरून. मैफलीच्या तिकिटाला ज्याच्याकडे कधी पैसे नव्हते, त्या क्लीनरलाही ती गाणी तोंडपाठ होती.

आमच्या जीपगाड्यांत जे वाजायचं, ते मला आजही विलक्षण वाटतं. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि बीदर-कलबुर्गी रस्ता हुमनाबादला एकमेकांना छेदतात. चारही दिशांचा माल तिथं उतरायचा, तशा चारही दिशांच्या कॅसेटी. सोलापूरकडून मराठी, हैदराबादकडून कव्वाल्या आणि दखनी विनोद, कलबुर्गीकडून कन्नड. संतकवी शिशुनाळ शरीफांवरचा कन्नड चित्रपट १९९० मध्ये आला, तेव्हा सी. अश्वत्थांच्या आवाजातली शरीफांची पदं आमच्या भागात अशी घुमली, की ज्यांना कन्नड वाचता येत नव्हतं तेही ती गुणगुणत. गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या देवळांबाहेर हार-नारळाशेजारी कॅसेटींची मांडणी असायची. दर्शन करून आलेला माणूस प्रसादाबरोबर एक कॅसेट घ्यायचाच, आणि परतीच्या वाटेत गाडीवाल्याला म्हणायचा, ‘अण्णा, ही लावा की वो जरा.’

आणि बाजारात नसलेलं हवं असेल तर ते भरून मिळे. हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण, कुठंही गेलं तरी एखाद्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की चार दिवसांनी गाणी भरून मिळायची. एक अशी कॅसेट माझ्याकडे आहे. कार्डावर हिरव्या शाईत लिहिलेलं आहे: ‘साइड ए मराठी, साइड बी कन्नड’. एका बाजूला भीमसेनजींचे अभंग, दुसऱ्या बाजूला भीमसेनजींचीच दासवाणी. मराठी संत आणि कन्नड हरिदास, गाणारा एकच. सीमाभागातल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. भीमसेन जोशी जन्मले गदगला, शिकले कुंदगोळला आणि राहिले पुण्याला. ते स्वतः गाडीचे शौकीन, मैफलींना लांब लांब स्वतः गाडी चालवत जात. आमच्या ड्रायव्हरांना ही गोष्ट ठाऊक होती, आणि त्यामुळे ते त्यांना आपल्यातलेच वाटत.

त्या कार्डावर आणखी एक ओळ आहे, बारीक अक्षरात: ‘संगीत: राम फाटक’. दुकानदारानं मूळ कॅसेटवरून ती उतरवून घेतली होती. कुणी सांगितलं म्हणून नाही, कार्डावर ती लिहायची असते म्हणून.

ड्रायव्हर मंडळींचं त्या यंत्राचं ज्ञान पक्कं होतं. नव्वद मिनिटांची कॅसेट ते गाडीत लावत नसत. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, नव्वदच्या कॅसेटची १२. तेवढ्याच डबीत जास्त फीत मावायची तर ती पातळच करावी लागणार. आमच्या उन्हाळ्यात, डॅशबोर्डवर तापलेली ती पातळ फीत हमखास रुळांत गुंतायची. मायक्रॉनचा हिशेब कुणाला माहीत नव्हता. ‘नव्वदची घेऊ नका, रीळ खाते’, एवढं मात्र प्रत्येक क्लीनरला माहीत होतं.

सीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सीडीवरच्या दोन ओळींमधलं अंतर मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाइतकं. आमच्या रस्त्यांवर त्या किरणाला आपली ओळ धरून ठेवणं जमेना. शहरातल्या नव्या गाड्यांत सीडी चालली; इकडे ती लग्नाच्या चित्रीकरणापुरती राहिली. एमपीथ्री भरलेल्या सीडीनं मात्र लोकांना पहिल्यांदा चटक लावली. एका सीडीत सात-आठशे मिनिटांची गाणी, म्हणजे बारा तास! जिथं साठ मिनिटांच्या कॅसेटींचा खोका सीटखाली ठेवावा लागे, तिथं एक चकती पुरू लागली. मग पेन ड्राइव्ह आला. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये त्याच दर्जाची गाणी पाच दिवस-रात्र वाजतील इतकी मावतात, आणि खड्ड्यानं त्याला काही होत नाही. क्रूझर जीपवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. ज्या दुकानात कॅसेटी भरून मिळत, तिथंच आता मेमरी कार्ड भरून मिळू लागलं.

इथंच आपलं मोठं नुकसान झालं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पेन ड्राइव्हला कार्ड नसतं. गाणी एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना फाइलीचं नाव इंग्रजीत अर्धवट उरायचं, किंवा नुसतं ‘ट्रॅक ०७’. मग गाडीच्या त्या छोट्या निळ्या पट्टीवर तेच दिसायचं. भीमसेनजींचा आवाज कुणीही ओळखतो, त्यांना कार्डाची गरज नाही. पण त्या अभंगांना चाल लावणारे राम फाटक? तबल्यावर कोण, टाळावर कोण? कॅसेटच्या कार्डावर मुंगीच्या अक्षरात का होईना, ही नावं होती. आज विशी-पंचविशीतल्या मुलाला तोच अभंग पाठ असतो आणि राम फाटकांचं नाव त्यानं ऐकलेलंही नसतं. दोष त्याचा नाही. त्याच्या हाती पडलं तेव्हाच ते गाणं निनावी झालेलं होतं.

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गाडीतलं गाणं फोनवरून ब्लूटूथनं वाजायला लागलं. याचा मला आनंदच आहे. पूर्वी ज्या बंदिशीसाठी पुण्याच्या दुकानाला पत्र लिहावं लागे, ती आता जेवायला ढाब्यावर थांबलो असतानाही सापडते. मल्लिकार्जुन मन्सूरांची वचनं मी पहिल्यांदा नीट ऐकली ती अशीच, बसवकल्याणच्या वाटेवर. जिथं बाराव्या शतकात बसवण्णांनी अनुभवमंटप भरवला, त्याच गावाकडे जाताना. पण ॲपच्या पोटात तेच असतं, जे कुणीतरी कधीतरी चढवलेलं आहे. आणि ते पुढं तेच करतं, जे आधीच पुष्कळांनी ऐकलेलं आहे. दोन मराठी अभंग ऐकले की ते तिसराही मराठीच लावतं. मराठीमागून कन्नड, कन्नडमागून दखनी असा आमच्या जीपचा क्रम त्याला सुचत नाही. ते एका भाषेत राहणाऱ्या माणसासाठी बांधलेलं आहे. आमच्याकडे तसा माणूस शोधावा लागेल. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे संत माणिकप्रभू लाडवंतीत १८१७ मध्ये जन्मले. त्यांनी पदं रचली ती मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत. त्यांच्या दरबारात दत्तजयंतीला आजही गाणं होतं, आणि ऐकणारा एका पदावरून दुसऱ्यावर जाताना भाषा बदलली हे मोजत बसत नाही.

ॲपच्या पोटात काय नाही, ते सांगतो. सप्ताहात रात्रभर झालेलं भजन, जे कुणीतरी दुबलगुंडीच्या देवळात खांबाला टेप टेकवून भरून घेतलं होतं. जात्यावरच्या ओव्या. मोहरममध्ये म्हटली जाणारी कन्नड रिवायत पदं. ज्यांना गाणं शिकवायला कुणी आलं नाही आणि ज्यांनी गाण्याचे पैसे घेतले नाहीत, अशा बाया-माणसांचे आवाज. ते फक्त फितीवर आहेत, आणि फिती माळ्यावर आहेत. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर मे महिन्यात काय होतं, ते सांगायला नको. फितीवरचं चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारा लेप सुटतो. डबीतली ती लहानशी नमद्याची गादी, जी फीत वाचणाऱ्या डोक्यावर दाबून धरते, तिचा डिंक वाळून ती गळते. पुष्कळांना वाटतं कॅसेट मेली. गादी नवी चिकटवली की ती बोलू लागते.

हे काम घरी होतं. चालू स्थितीतला एक टेप लागतो आणि तोच आता मिळेनासा झालाय, म्हणून दिसला की भंगारात जाऊ देऊ नका. वाचणारं डोकं कापसाच्या बोळ्यानं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून सैल करायची. टेपच्या ‘लाइन आउट’मधून तार संगणकात घालायची आणि ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर भरायचं. एमपीथ्री नंतर करा, आधी पूर्ण वेव्ह फाइल ठेवा. एका तासाला साधारण सहाशे एमबी लागतात, आजच्या हिशेबात ते काहीच नाहीत. आणि फाइलीचं नाव देवनागरीत किंवा कन्नड लिपीत पुरतं लिहा: गाव, प्रसंग, साल, गाणारे, वाजवणारे.

त्या खांबाला टेकवलेल्या टेपची कॅसेट आम्ही गेल्या दिवाळीत अशी उतरवून घेतली. डबीवर फक्त ‘सप्ताह’ एवढंच लिहिलेलं, साल नाही. ती पेन ड्राइव्हवर घेऊन गाडीत लावली आणि गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर बसवून हुमनाबादपर्यंत नेलं. गाणारे कोण, हे त्यांनी पहिल्याच कडव्यात सांगितलं. मृदंगावर कोण, यावर मात्र दोघांचं जमेना. एकजण म्हणाले हा हात आमच्या थोरल्या काकांचा. दुसरे म्हणाले, ‘तुमचे काका डावा एवढा भरून कुठं वाजवायचे वो?’ परतीच्या वाटेवर पुन्हा लावली, तरी निकाल लागला नाही. फाइलीच्या नावात मी दोन्ही नावं लिहिली आहेत आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे. एकंब्याला तिसरे एक आजोबा आहेत, त्यांनी त्या सप्ताहात टाळ धरला होता म्हणतात. पुढच्या रविवारी गाडी तिकडे जाणार आहे.